श्वान अकस्मात लंगडू लागल्यास कुटुंबीयांनी काय करावे

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाची संहिता)



वार्षिक सभेत प्रशासकाने उभे राहावे ते जमाखर्च सांगण्यासाठी, असा प्रघात आहे. तो भाग कोषाध्यक्षांनी आपणांसमोर मांडलाच आहे आणि लेखापरीक्षकांच्या स्वाक्षरीचा ताळेबंद या अहवालाच्या अखेरीस छापला आहे. यास्तव आम्हांस मिळालेला वेळ एका साध्या, परंतु आमच्या बाह्यरुग्ण विभागात नित्य येणाऱ्या विषयासाठी वापरण्याची अनुज्ञा आम्ही घेत आहोत. कालपर्यंत अंगणभर धावणारा घरचा कुत्रा आज सकाळी एक पाय उचलून चालू लागला, तर कुटुंबाने काय करावे आणि काय करू नये, हा तो विषय.

आम्ही पशुवैद्य नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. पुढे जे सांगणार आहोत ते आमच्या पशुवैद्यकांनी वेळोवेळी समजावून दिलेले आहे. परंतु केसपेपरच्या खिडकीशी बसणाऱ्यास एक गोष्ट प्रकर्षाने दिसते. पशुवैद्यक विचारतात, ‘काय झाले?’ आम्ही विचारतो, ‘केव्हापासून?’ या प्रश्नाला मिळणारी उत्तरे ‘आज सकाळपासून’ अशी क्वचितच असतात. ‘रविवारपासून’, ‘आठवडा होऊन गेला’, ‘मध्यंतरी बरा झाला होता, पुन्हा सुरू झाले’ अशीच ती बहुधा असतात. विलंबाचे कारण विचारले तर तीनच कारणे निघतात. आपोआप बरे होईल असे वाटले. घरातली दुखण्याची गोळी दिली होती. आणि तिसरे कारण, जे बहुतेक जण आवाज खाली आणून सांगतात, ते म्हणजे खर्चाची धास्ती. प्राण्याचा पाय, आणि कधीकधी प्राणही, जातो तो पुष्कळदा दुखापतीमुळे जात नाही, या मधल्या दिवसांमुळे जातो. हे मधले दिवस कसे वाचवावेत, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम लंगडण्याचा अर्थ समजून घेऊ. कुत्रा वेदना दडवणारा प्राणी आहे. ‘तो ओरडत नाही, म्हणजे दुखत नसावे,’ हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो आणि आमचे पशुवैद्यक ते तितक्याच वेळा खोडून काढतात. पायावर भार देणे दुःसह होते तेव्हाच तो पाय उचलतो. लंगडण्यामुळे दुखऱ्या भागाला विश्रांती मिळते आणि घरच्यांना सूचनाही मिळते. ही सूचना दडपून टाकण्यापूर्वी ती नीट वाचली पाहिजे.

वाचण्यास आरंभ करावा तो दुरून. कुत्र्याचे खेळणे तत्काळ थांबवावे, त्याला पट्टा लावावा आणि घरातील कोणी त्यास सपाट जागेवर, घसरत्या फरशीवर नव्हे, सावकाश दहा-पंधरा पावले चालवावे. दुसऱ्याने बाजूस उभे राहून पाहावे. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीला टेकताच कुत्रा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली जाते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा चालताना अधिक वर उचलला जातो. भार अजिबात देत नाही, की थोडा देतो, हेही पाहावे. आज प्रत्येक घरात भ्रमणध्वनी आहे. त्यावर या चालीचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण अवश्य करावे. रुग्णालयात आल्यावर नवा वास, नवी माणसे आणि भीती यांमुळे पुष्कळ कुत्रे लंगडणे विसरून सरळ चालतात, आणि पालक ओशाळून म्हणतात, ‘घरी तर पायच टेकत नव्हता!’ घरच्या चालीचे चित्रण अशा वेळी पशुवैद्यकांच्या फार उपयोगी पडते.

त्यानंतर पाय हाताळावयाचा. येथे एक सावधगिरी कटाक्षाने पाळावी. घरातील मुलांच्या अंगाखांद्यावर खेळणारा शांत कुत्राही असह्य वेदनेत चावू शकतो. यात त्याचा स्वभाव बिघडला असे काही नाही. म्हणून मुलांना दूर ठेवावे. एकाने डोक्याकडे बसून मृदू बोलत राहावे, दुसऱ्याने पाय पाहावा. आवश्यक वाटल्यास मऊ कापडाची लांब पट्टी तोंडाभोवती गुंडाळून कानांमागे गाठ मारावी, म्हणजे तात्पुरते मुसके होते. मात्र कुत्रा ओकत असेल, त्याला धाप लागली असेल, किंवा तो पगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर तोंड मुळीच बांधू नये. इतरांचेही काही मिनिटांहून अधिक काळ बांधून ठेवू नये, कारण कुत्रा अंगातील उष्णता मुख्यत्वे तोंडाने धापा टाकूनच बाहेर टाकतो.

पाहणी खालून वर करावी. प्रथम तळव्याच्या गाद्या, मग बोटांच्या बेचक्या, मग नखे. अकस्मात लंगडण्याची कारणे पुष्कळदा येथेच सापडतात. बाभळीचा काटा, काचेचा तुकडा, गवताचे कुसळ, बोटांच्या बेचक्यात चिकटलेली गोचीड, मुळापासून उपटलेले नख, किंवा घरातच वावरणाऱ्या कुत्र्याचे आतल्या बाजूचे वरचे नख गोल वाढून मांसात रुतलेले. एक कारण विशेष सांगतो, कारण ते केसांखाली दडते. लहान मुले खेळताना कुत्र्याच्या पायात रबरबँड अडकवतात, कधी हौसेने दोरा बांधला जातो. तो हळूहळू कातडीत रुततो, पंजा सुजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून पायाच्या चहूकडून केस बाजूला सारून पाहावे. मग दोन्ही पायांवर एकाच वेळी हात फिरवून सूज, उष्णता आणि दुखरी जागा यांची तुलना करावी. सांधे वाकवून, ओढून पाहू नयेत. ते काम जाणत्या हातांचे आहे.

काटा वर दिसत असेल आणि सहज निघत असेल तर चिमट्याने सरळ ओढून काढावा, पाय साबण-पाण्याने धुऊन कोरडा करावा. खोल रुतलेली वस्तू ओढू नये. तिच्या मुळाशी रक्तवाहिनी असू शकते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ घडी दाबून धरावी आणि निदान पाच ते दहा मिनिटे मध्ये उचलून पाहू नये. दर वेळी उचलल्याने जमू लागलेली गाठ सुटते. रस्त्याचे डांबर चिकटले असेल आणि ते अद्याप गरम असेल तर आधी साध्या गार पाण्याने पाय थंड करावा, मग खाण्याचे तेल चोळून डांबर मऊ करून काढावे. रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन, फिनेल यांपैकी काहीही कातडीला लावू नये. कुत्रा ते चाटतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

आता, घरी थांबणे केव्हा योग्य? कुत्रा पायावर थोडा का होईना भार देत आहे, पाय वाकडा नाही, मोठी सूज नाही, जखम नाही, तो नेहमीसारखा खातो-पितो आणि ताप नाही असे दिसते, तर एक-दोन दिवस सक्तीची विश्रांती देऊन पाहण्यास हरकत नाही. विश्रांती या शब्दाचा अर्थ मात्र कसोशीने घ्यावा. जिने नाहीत, पलंगावर उडी नाही, गच्चीवर मोकळे सोडणे नाही. शी-शूसाठी पट्ट्याने बाहेर आणि परत आत. गुळगुळीत फरशीवर गोणपाट किंवा चटई अंथरावी. मुरगळल्याचा संशय असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावता येतो. ताज्या दुखापतीवर शेक, गरम तेलाचे मर्दन किंवा माणसांचा बाम लावू नये. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत स्पष्ट सुधारणा नसेल, किंवा बरे होऊन पुन्हा लंगडणे सुरू झाले, तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

यानंतरची सूचना आजच्या भाषणातील सर्वांत महत्त्वाची आहे. माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, रक्ताच्या ओकाऱ्या होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलने यकृतास इजा होते. आणि ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे की मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. ‘अर्धीच दिली होती’ हे समाधान खोटे आहे, कारण प्रश्न केवळ मापाचा नाही; प्राण्याचे शरीर ही द्रव्ये माणसासारखी पचवून बाहेर टाकत नाही. दुसरा तोटा असा की वेदना दबल्यामुळे कुत्रा मोडक्या हाडावर किंवा तुटक्या स्नायुबंधावर धावू लागतो आणि दुखापत वाढवतो. तिसरा तोटा असा की घरची गोळी पोटात असताना आमचे पशुवैद्यक कुत्र्यासाठी असलेले योग्य औषधही लगेच निर्धास्तपणे देऊ शकत नाहीत. तरीही गोळी दिली गेलीच असेल तर तिचे नाव, मात्रा आणि वेळ खिडकीशीच सांगावी. याबद्दल कोणी रागावणार नाही. लपवल्यास मात्र नुकसान रुग्णाचे होते.

तद्वतच घरी कामट्या किंवा फळी बांधून पाय ‘बसवण्याचा’ यत्न करू नये, आणि हाडवैद्याकडेही नेऊ नये. घट्ट पट्टीने रक्तपुरवठा थांबतो आणि दोन-चार दिवसांत पंजा काळा पडतो. जे हाड जोडता आले असते, तो पायच मग काढावा लागतो. तीन पायांचा कुत्रा उत्तम जगतो, धावतो, हे आम्ही आमच्या आवारात पाहतो. परंतु टाळता येण्यासारखी शस्त्रक्रिया टाळलीच पाहिजे.

आता ज्या प्रसंगी क्षणाचाही विलंब लावू नये, ते सांगतो. पाय लोंबत असणे किंवा विचित्र दिशेला वळलेला असणे. हाड बाहेर दिसणे. पाय अजिबात न टेकणे. न थांबणारा रक्तस्राव. वाहनाची धडक किंवा उंचावरून पडणे. धडकेनंतर कुत्रा उठून चालू लागला तरी निर्धास्त होऊ नये. हिरड्या पांढुरक्या पडल्या, श्वास जलद झाला, किंवा लघवी झाली नाही, तर छातीत वा पोटात आतून इजा असू शकते, आणि अशा वेळी पायाची दुखापत दुय्यम ठरते. मागचे दोन्ही पाय ओढत असेल तर कण्याला इजा झाल्याचा संशय धरावा. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या जातींत मणक्यांमधली गादी सरकून असे अकस्मात घडते. अशा रुग्णाला उचलून कडेवर घेऊ नये. सपाट फळीवर सरकवून, चादरीने अलगद बांधून आणावे.

पावसाळ्यात, विशेषतः शेतवस्तीवर आणि कोकणात, पाय झपाट्याने सुजून कुत्रा लंगडू लागला तर सर्पदंशाची शंका घ्यावी. घोणस आणि फुरसे यांच्या दंशाने अशी सूज येते. चिरा देणे, करकचून बांधणे, चोखणे हे सर्व वर्ज्य. कुत्र्याला चालवू नये. उचलून वाहनाने आणावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आपल्या देशात माणसांसाठी जी लस तयार होते, तीच कुत्र्यांनाही देता येते आणि वेळेवर दिल्यास प्राण वाचतात.

एक गंभीर गोष्ट घरच्या कुत्र्याइतकीच गल्लीतल्या कुत्र्याविषयी. मागचे पाय लटपटत आहेत, खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, आवाज बदलला आहे, पाणी गिळवत नाही, असे चित्र दिसले तर ते लंगडणे समजू नये. रेबीजचा हा मुका प्रकार असू शकतो. यात कुत्रा अंगावर धावून येईलच असे नाही. घशात हाड अडकले असेल या समजुतीने दयाळू माणसे तोंडात हात घालतात. कृपया घालू नये. अंतर राखावे, इतरांना दूर ठेवावे आणि पालिकेस किंवा प्राणिरुग्णालयास कळवावे. कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला, ओरखडा काढला, किंवा त्याची लाळ जखमेस लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. जखमेतून रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत द्यावयाच्या प्रतिद्रव्याची, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनची, चौकशी करावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ काहीच इलाज उरत नाही. त्यापूर्वी घेतलेली लस मात्र भरवशाची आहे. आपल्या कुत्र्याची वार्षिक लस चुकवू नये, ती याचसाठी.

येथपर्यंत दुखापतींविषयी बोललो. परंतु लंगडणे अकस्मात दिसले तरी त्याचे मूळ जुने असू शकते, आणि येथे तपासणीला पर्याय नाही. आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडणारा, तापलेला आणि जेवण सोडलेला कुत्रा गोचीड-तापाचा रुग्ण असू शकतो. रक्ततपासणीने ते कळते आणि योग्य प्रतिजैविकाने तो बरा होतो. पॉमेरेनियनसारखे लहान कुत्रे चालता चालता दोन पावले पाय उचलतात आणि पुन्हा सरळ चालतात. ती गुडघ्याची वाटी सरकण्याची खूण होय. मध्यमवयीन, स्थूल लॅब्रेडोर धावता धावता मागचा पाय धरून थांबला, तर गुडघ्यातील स्नायुबंध तुटल्याची शक्यता असते. जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांत हाडे दुखण्याचे विकार आढळतात. ज्या पिल्लाचा आहार केवळ दूध-पोळी किंवा केवळ बिनहाडाचे मांस आहे, त्याची हाडे ठिसूळ होऊन किरकोळ उडीनेही मोडतात. उलट, शेजाऱ्याने सांगितली म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियमची औषधे भरमसाट पाजणेही अपायकारक आहे. आणि मोठ्या चणीच्या प्रौढ कुत्र्याचे औषधाने न थांबणारे लंगडणे क्वचित हाडाच्या कर्करोगाचे असते. क्ष-किरण चित्र काढण्यास आमचे पशुवैद्यक सांगतात ते याचसाठी. बिल वाढवण्याचा हेतू त्यात नसतो.

रुग्णालयात येताना काय आणावे? लसीकरणाची पुस्तिका, जुने केसपेपर, दिलेल्या औषधांची वेष्टने आणि मघाशी सांगितलेले चित्रण. निघण्यापूर्वी खाऊ घालू नये, कारण चित्र काढण्यासाठी किंवा जखम शिवण्यासाठी भूल द्यावी लागू शकते आणि त्यास पोट रिकामे असणे इष्ट. अगदी लहान पिल्लाबाबत मात्र आधी दूरध्वनीवर विचारावे. रिक्षात किंवा मोटारीत बसवताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांच्या मागे ठेवून उचलावे, दुखरा पाय आपल्या अंगापासून दूर राहील असे पाहावे. मोठ्या कुत्र्यासाठी दोघांनी ताणून धरलेली चादर ही सर्वांत स्वस्त आणि उत्तम डोली होय.

आता आम्ही आमच्या मूळ विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे वळतो. खर्चाच्या भीतीने थांबणाऱ्या कुटुंबाला आम्ही दोष देत नाही. घराचे भाडे, मुलांची फी आणि म्हाताऱ्यांची औषधे यांतून कुत्र्यासाठी पैसे काढणे किती कठीण असते, हे खिडकीशी बसून आम्ही जाणतो. परंतु वाणिज्य शाखेत शिकलेले एक तत्त्व येथेही लागू पडते. लांबणीवर टाकलेली देणी व्याजासह फेडावी लागतात. पहिल्या दिवशी निघणाऱ्या काट्यासाठी एक केसपेपर आणि एक चिमटा पुरतो. तोच काटा दहा दिवस राहिला तर गळू होते, भूल द्यावी लागते, गळू चिरावे लागते, रोज पट्टी बदलावी लागते. ताजे मोडलेले हाड जागेवर आणणे सोपे असते. वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून जोडणे हे कठीण, महाग आणि रुग्णाला दुप्पट क्लेशाचे काम आहे. म्हणजे ज्या कुटुंबाकडे पैसे कमी, त्याला तर विलंब मुळीच परवडत नाही.

यास्तव आमची नम्र विनंती अशी, की आधी यावे, पैशांचे मागून बोलावे. केसपेपर काढताना अडचण असल्यास आमच्यापाशी ती एकांतात सांगावी. गरजू पालकांसाठी संस्थेने राखून ठेवलेला निधी याच कारणासाठी आहे. पूर्ण खर्च प्रत्येक वेळी उचलणे संस्थेला शक्य होईलच, असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. परंतु कोणते उपचार आज अत्यावश्यक आहेत, कोणते पुढच्या आठवड्यात चालतील आणि हप्ते कसे पाडता येतील, हे पशुवैद्यक आणि आम्ही मिळून सांगू शकतो. हा संवाद पहिल्याच दिवशी झाला तर पुष्कळ मार्ग खुले असतात. दहाव्या दिवशी त्यांतले थोडेच उरतात.

देणगीदारांना आम्ही हेच दुसऱ्या बाजूने सांगू इच्छितो. आपल्या देणगीतून शस्त्रक्रियेचे टेबल आले, क्ष-किरण यंत्र आले, त्यांवर आपली नावे कोरली आहेत आणि ती तशी असावीत. परंतु गरजू पालकांच्या निधीत पडलेल्या रुपयावर कोणाचे नाव नसते. तो रुपया त्या मधल्या दिवसांवर खर्च होतो. कोणी एक घरकाम करणारी बाई किंवा पहारेकरी, ‘खर्च कसा भागवायचा?’ या विचाराने दारातूनच परत न जाता पहिल्याच दिवशी कुत्र्याला घेऊन आत येतो, एवढेच त्याचे फळ. ते कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. आमच्या केसपेपरवरच्या ‘केव्हापासून?’ या रकान्यात दिसते.

मुक्या प्राण्यांसाठी दान करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि मुंबईत तर तिचा एक ठळक आरंभ कुत्र्यांपासूनच झाला. १८३२ साली शहरातील मोकाट कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगा झाला. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद या दोन धनिकांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. पुढे १८८६ साली परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेही बाई साकरबाई दिनशा पेटीट यांच्या नावाच्या प्राणिरुग्णालयाच्या आवारात; म्हणजे एका पारशी कुटुंबाच्या दानाच्या जागेवर या प्रांताचे पशुवैद्यक घडू लागले. आपल्या राज्यघटनेत १९७६ साली समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत सजीव प्राण्यांविषयी अनुकंपा बाळगणे हेही एक कर्तव्य आहे. आपण सर्व जण त्या परंपरेचे आणि त्या कर्तव्याचे वाटेकरी आहात.

शेवटी, ज्यांना घर नाही अशा कुत्र्यांविषयी दोन शब्द. त्यांच्या पायांच्या पुष्कळ दुखापती थोड्याशा दक्षतेने टळतात. मोटार सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहावे. उन्हाळ्यात सावलीसाठी आणि पावसात आडोशासाठी कुत्रे चाकांलगत झोपतात. संक्रांतीनंतर झाडांवर आणि रस्त्यावर उरलेला मांजा गोळा करून टाकावा. फुटलेली बाटली कचऱ्यात मोकळी न टाकता कागदात गुंडाळून टाकावी. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्या कुत्र्याला फिरवण्यापूर्वी हाताचा पालथा पंजा रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही होणार नाही. गल्लीतला कुत्रा लंगडताना दिसला तर ओळख नसताना एकट्याने धरू नये. रोज त्याला खाऊ घालणाऱ्या व्यक्तीला गाठावे, ठिकाण आणि खूण नीट लिहून घ्यावी आणि आम्हांस कळवावे. आपल्या इमारतीच्या पहारेकऱ्यालाही हे सांगून ठेवावे. गल्लीतल्या कुत्र्यांची खबर सर्वांच्या आधी त्यालाच असते.

आपल्या घरच्या मुक्या सदस्यावर असा प्रसंग येऊ नये, हीच प्रार्थना. आणि आलाच, तर केसपेपरच्या खिडकीशी आमच्या प्रश्नाला ‘आजपासून’ असे उत्तर मिळावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.